तांब्याचे भांडे आणि हातोडीचे ठोके
('स्मृतिचित्रे' पुन्हा वाचताना)

२०२३ सालच्या सुरुवातीची गोष्ट. आमच्या कंपनीने एक दिवसाची कार्यशाळा ठेवली होती. विषय 'रेझिलियन्स'. या शब्दाला मराठीत काय म्हणावे यावर जेवणाच्या सुट्टीत आम्हा तिघा मराठी मंडळींची चर्चा झाली. एकाने 'लवचिकता' सुचवली, दुसऱ्याने 'चिवटपणा'. मला आपला 'तग धरणे' हा घरगुती प्रयोग बरा वाटला. दुपारच्या सत्रात मार्गदर्शकबाईंनी एक पिवळा रबरी चेंडू जमिनीवर आपटला, उसळून वर आला तो झेलला आणि म्हणाल्या, "असे व्हा." जाताना प्रत्येकाला एकेक चेंडू भेट मिळाला.

त्यानंतर सहा आठवड्यांनी आमच्या गटातल्या निम्म्या लोकांना कंपनीने नारळ दिला. त्यात मीही होतो. आपल्यापैकी जे ग्रीन कार्डाच्या रांगेत उभे आहेत त्यांना पुढचे सांगायला नको. एच-वन व्हिसावरच्या माणसाची नोकरी सुटली की हाती जास्तीत जास्त साठ दिवस उरतात. तेवढ्यात दुसरी नोकरी मिळवा, व्हिसा बदला, नाहीतर गाशा गुंडाळा.

त्या दिवसांत मी दोन प्रकारची पुस्तके वाचली. पहिला प्रकार इथल्या कुठल्याही पुस्तकाच्या दुकानात दर्शनी कपाटात मांडलेला असतो: संकटातून उसळी कशी मारावी, चिकाटी कशी वाढवावी, वगैरे. दुसरे पुस्तक आईने फार वर्षांपूर्वी माझ्या बॅगेत कपड्यांच्या घडीत घालून दिले होते आणि मी ते तसेच कपाटात ठेवले होते. लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे'. त्यातला एखाददुसरा उतारा शाळेत धड्याला असल्यामुळे आपण ते वाचले आहे, असा माझा समज होता. तो खोटा होता. आपल्यापैकी बऱ्याच जणांचाही तसाच समज असावा, म्हणून हा लेखप्रपंच.

आधी चेंडूचा हिशेब चुकता करतो. मी शिकलो धातूंचे यंत्रशास्त्र आणि पोट भरतो सॉफ्टवेअरवर. त्यामुळे 'रेझिलियन्स' हा शब्द मला कार्यशाळेच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. धातूच्या कांबीवर ताण द्या आणि सोडा. ती मूळ आकारात परत आली, तर ताणलेली असताना तिने जी ऊर्जा पोटात साठवली होती तिचे हे मोजमाप. पण त्याला एक मर्यादा असते. ती ओलांडली की कांबीला कायमचा बाक येतो आणि मूळ आकार परत मिळत नाही. कांब लगेच तुटते मात्र नाही. बाक घेत घेत ती आणखी कितीतरी भार सोसते. तुटेपर्यंत ती जी एकूण ऊर्जा पचवते तिचे मोजमाप वेगळे, ते 'टफनेस'. त्याला आपण चिवटपणा म्हणू. इमारतींत वापरतात त्या मऊ पोलादाचा हा चिवटपणा त्याच्या उसळीच्या शेकडो पट असतो. म्हणूनच भूकंपात चांगली इमारत वाकते, पण आतल्या माणसांच्या अंगावर कोसळत नाही. उलट बिडाचा तवा पाहा. कडक, जड, वर्षानुवर्षे टिकणारा, पण फरशीवर पडला की दोन तुकडे. 'मोडेन पण वाकणार नाही' हे आपले आवडते ब्रीद म्हणजे खरे तर बिडाचे वर्णन आहे.

सांगायचे ते एवढेच की, चेंडूची उपमा छोट्या धक्क्यांना ठीक आहे. बस चुकली, परीक्षेत गुण कमी पडले, साहेब ओरडला, तर माणूस उसळून पूर्ववत होतो. ज्या धक्क्याने आयुष्याचा आकारच बदलतो तिथे 'पूर्ववत व्हा' हा सल्ला निरुपयोगी आहे, आणि ऐकणाऱ्यावर अन्यायही करणारा आहे. पूर्ववत होता आले नाही तर तो त्याचाच दोष ठरतो. दर्शनी कपाटातल्या बहुतेक पुस्तकांवर माझा हाच मुख्य आक्षेप आहे. अँजेला डकवर्थ यांचे २०१६ सालचे 'ग्रिट' त्यांतल्या त्यात अभ्यासपूर्ण, पण त्याचाही भर एकट्या माणसाच्या जिद्दीवर. व्हिक्टर फ्रँकल यांच्या पुस्तकाची जात वेगळी. नाझी छळछावण्यांतून जिवंत परत आलेल्या या मानसोपचारतज्ज्ञाने १९४६ साली जे लिहिले त्याचा आज सर्रास गैरवापर होतो. दुःखात अर्थ सापडू शकतो एवढेच त्यांचे म्हणणे. अर्थासाठी दुःख हवेच असे ते म्हणत नाहीत. उलट टाळता येण्यासारखे दुःख असेल तर त्याचे कारण दूर करणे हेच अर्थपूर्ण, असे त्यांनी स्पष्ट बजावले आहे. कार्यशाळांत हे दुसरे वाक्य सहसा कोणी सांगत नाही.

आता लक्ष्मीबाईंकडे वळू.

जन्म १८६८ चा, नाशिकजवळचा. वडिलांचे सोवळे पराकोटीचे. लग्न अकराव्या वर्षाच्या आसपास. नवरा नारायण वामन टिळक म्हणजे कवी, विद्वान, प्रेमळ आणि शीघ्रकोपी. त्यांच्या हातात पैसा टिकत नसे आणि पाय एका गावात ठरत नसत. न सांगता घर सोडून जाण्याचीही त्यांना सवय होती. बाई शाळेत गेलेल्या नव्हत्या; लिहायला-वाचायला नवऱ्यानेच शिकवले. मग १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. त्या काळात एका सनातनी ब्राह्मण घरातल्या बाईच्या दृष्टीने याचा अर्थ काय होतो, हे आज कळणे कठीण आहे. नवरा जिवंत आहे, पण त्याच्या हातचे पाणी चालत नाही. कुंकू आहे, पण संसार नाही. लहानगा दत्तू पदरात आहे.

ही घटना पुस्तकात येते तिथे मी थांबलो. लक्ष्मीबाई उसळून वगैरे काही उठत नाहीत. रडणे, आजारपण, कशातही लक्ष न लागणे हे सगळे त्या आडपडदा न ठेवता सांगतात. जवळजवळ पाच वर्षे त्या नवऱ्यापासून वेगळ्या राहिल्या. मग त्याच्याजवळ आल्या, पण चूल वेगळी, पाणी वेगळे. म्हणजे प्रेम एका दिशेला ओढते आहे आणि जन्माचे संस्कार दुसऱ्या, आणि बाई दोन्ही सांभाळत एकेक पाऊल टाकताहेत. जातिभेद देवाने केले नसून माणसाने केले, हे त्यांना स्वतःच्या विचाराने पटले तेव्हा कुठे सोवळे सुटले. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ज्या नवऱ्याने क्षणात उडी मारली त्याच्यामागे बायको पाच वर्षे चालत गेली, आणि माझ्या मते ती त्याच्यापेक्षा लांब गेली. सुरुवातीच्या प्रकरणांतली मनकर्णिका आणि अखेरच्या प्रकरणांतल्या लक्ष्मीबाई यांचा आकार एक नाही. इथे उसळी नाही, बाक आहे. आणि बाक आल्यावरही, किंबहुना त्यामुळेच, ही बाई पुढचे भार पेलते: प्लेगचे दिवस, दुसऱ्यांची मुले घरात वाढवणे, १९१९ साली टिळकांचा मृत्यू, आणि त्यांनी अपुरे ठेवलेले 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईने त्याचा बहुतेक भाग स्वतः रचला.

माझ्या विषयात याला जवळचे एक तत्त्व आहे. धातूला मर्यादेपलीकडे वाकवले की त्याची ताकद वाढते. पुढच्या वेळी तो अधिक ताणाला दाद देत नाही. आपल्याकडे हे कुठल्याही प्रयोगशाळेआधी तांबट मंडळींना ठाऊक होते. पुण्याच्या तांबट आळीत ज्यांचे बालपण गेले त्यांच्या कानात मठारकामाचे ठोके अजून असतील. तांब्याच्या भांड्यावर हातोडीने ठोके ओळीने मारत गेले की पत्रा घट्ट होतो आणि भांड्याला झळाळी येते. 'टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही' या म्हणीला जणू शास्त्राचाच पाठिंबा.

पण म्हणीत तांबटाचे अर्धेच काम आले आहे. ठोक्यांनी तांबे जसे घट्ट होते तसेच ते ठिसूळही होत जाते. ताकद फुकट मिळत नाही, पुढे वाकण्याची जी क्षमता शिल्लक असते तिच्यातून ती वजा होते. ठोकतच राहिले तर भांड्याला चीर जाते. म्हणून तांबट मधूनमधून भांडे भट्टीत घालून लाल करतो. त्या उबेत पत्रा पुन्हा मऊ होतो आणि मगच पुढचे ठोके घेऊ शकतो. ठोके आणि भट्टी, दोन्ही मिळून भांडे घडते.

मग लक्ष्मीबाईंची भट्टी कोणती? या प्रश्नाने मी पुस्तक दुसऱ्यांदा वाचले, आणि पहिल्या वाचनात नजरेतून निसटलेली माणसे दिसू लागली. सर्वांत आधी थोरली बहीण भिकूताई आणि मेहुणे नानासाहेब पेंडसे. टिळकांच्या धर्मांतरानंतरचा मोठा काळ लक्ष्मीबाईंनी पंढरपुरात त्यांच्या आश्रयाने काढला. ख्रिस्ती झालेल्या माणसाची बायको घरात ठेवणे, तेही पंढरपुरात, ही काही लहान गोष्ट नव्हती. त्या घराने त्यांना उपदेश केला नसेल असे नाही, पण छप्पर दिले, जेवण दिले आणि वेळ दिला. आपण 'लक्ष्मीबाईंचे धैर्य' म्हणून जे गौरवतो त्यातला एक मोठा वाटा भिकूताईंच्या घराच्या जमाखर्चात लिहायला हवा.

याला आधुनिक संशोधनाचीही साक्ष आहे. हवाई बेटांतल्या काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी कित्येक दशके पाठपुरावा केला. त्यांतली काही मुले गरिबी, घरातली भांडणे, आईवडिलांचे व्यसन किंवा मानसिक आजार अशा अनेक संकटांत एकाच वेळी वाढत होती. त्यांच्यापैकी साधारण एकतृतीयांश पुढे कर्तबगार आणि प्रेमळ माणसे झाली. ती कशामुळे, याची जी कारणे सापडली त्यांत एक ठळक होते: घरात किंवा शेजारीपाजारी त्यांना निदान एक तरी भरवशाचे मोठे माणूस लाभले होते. आजी, मावशी, शेजारीण, शिक्षक, कोणीही. मिनेसोटा विद्यापीठाच्या अ‍ॅन मास्टन यांनी २००१ साली एका लेखात अशा टिकून राहण्याला 'साधीसुधी जादू' या अर्थाचे नाव दिले. टिकून राहायला अद्भुत गुण लागत नाहीत. रोजची साधी नाती आणि रोजचे साधे आधार शाबूत असले की माणूस टिकतो, हा त्यांचा मुद्दा. सॉफ्टवेअरमध्येही आम्ही हेच करतो. न बिघडणारे यंत्र कोणी बनवू शकत नाही, म्हणून एक बंद पडले तर भार दुसऱ्याने उचलावा अशी मांडणी करतो. तग धरण्याचा गुण सुट्या यंत्रात कमी आणि जोडणीत जास्त असतो.

'स्मृतिचित्रां'ची दुसरी मोठी ताकद म्हणजे विनोद. टिळकांचा विक्षिप्तपणा, स्वतःचे अज्ञान, नवराबायकोची भांडणे, सगळे बाई इतक्या गमतीने सांगतात की हसता हसता डोळ्यांत पाणी येते. हल्लीच्या पुस्तकांत 'संकटात विनोदबुद्धी जागी ठेवा' असा सल्ला असतो आणि लक्ष्मीबाई त्याचे उदाहरण म्हणून सहज खपतील. पण तारखा पाहा. धर्मांतर १८९५ चे. लेखनाला हात घातला तो १९१९ साली टिळक गेल्यावर, आणि पुस्तकाचे भाग १९३४ पासून येऊ लागले. म्हणजे आपण वाचतो ते हसू घटनेच्या वेळचे नाही. बऱ्याच वर्षांच्या मुरवणीनंतरचे आहे. पंढरपुरातल्या त्या रडणाऱ्या बाईला कोणी 'जरा हसून बघ' म्हटले असते तर ते क्रौर्य ठरले असते. लोणचे मुरायला दिवस लागतात. ज्याच्या घरी काल आंबे चिरले त्याच्याकडे आज खार मागू नये.

आता पुस्तकावरचा माझा आक्षेप. लक्ष्मीबाई नवऱ्याला फार स्वस्तात सोडतात. टिळक मोठे कवी होते, करुणामय होते, हे मान्यच. पण त्यांच्या प्रत्येक मोठ्या निर्णयाची किंमत घरातल्या दुसऱ्या माणसाने मोजली. लेखिका तो हिशेब मांडते, पण बेरीज करत नाही. ती पुस्तकाची शोभा आहे हे खरे, कारण कडवटपणा नसल्यामुळेच ते आजही ताजे वाटते. वाचकाने मात्र बेरीज टाळता कामा नये. आपण पिढ्यान्‌पिढ्या लक्ष्मीबाईंच्या सोशिकपणाचे कौतुक केले आणि ते सोसायला का लागले हा प्रश्न धड्याखालच्या स्वाध्यायात कधी आला नाही.

हे मी मोठ्या तत्त्वनिष्ठेने लिहितो आहे असे वाटेल, म्हणून खरी हकिगत सांगतो. नोकरी गेली त्या दिवसांत रात्री जेवणानंतर मी पुस्तकातले काही भाग बायकोला वाचून दाखवत असे. अचानक बदललेले जग, उद्याची शाश्वती नाही, परका मुलूख: मला वाटायचे, हे सगळे माझ्यावरच लिहिले आहे. एका रात्री तिने ऐकून घेतले आणि शांतपणे म्हणाली, "तू स्वतःला लक्ष्मीबाई समजतोयस. या गोष्टीत तू टिळक आहेस."

मी गप्प झालो. २००८ साली ती पुण्यातले वास्तुविशारदाचे काम सोडून माझ्यामागे इथे आली. माझ्या व्हिसावर अवलंबून असल्यामुळे पहिली सात वर्षे तिला काम करण्याची परवानगीच नव्हती. २०१५ साली आमच्यासारख्या काहींना ती मिळू लागली तोवर तिच्या धंद्यातली हत्यारे आणि सॉफ्टवेअर, दोन्ही बदलून गेली होती. त्या सात वर्षांत मी तिच्या 'अ‍ॅडजस्ट' होण्याचे चारचौघांत कौतुक करत असे. तिची भट्टी कोणती, हे मी कधी विचारले नव्हते. विचारल्यावर कळले. बुधवारी ग्रंथालयात भेटणाऱ्या चार बायका, त्यांतली एक कोरियन. खालच्या मजल्यावरच्या गुजराती आजी. आणि शनिवारी तासभर फोनवर तिची मावशी. यांतले एकही नाव मला नीट ठाऊक नव्हते.

सत्तेचाळिसाव्या दिवशी मला नोकरी लागली. त्यात माझ्या जिद्दीचा वाटा थोडा आणि एका जुन्या सहकाऱ्याने केलेल्या फोनचा मोठा. नवी नोकरी दुसऱ्या राज्यात होती. एरवी मी होकार कळवून मग घरी पेढे आणले असते. या वेळी दोन दिवस मागून घेतले आणि आम्ही दोघांनी टेबलाशी बसून हिशेब मांडला: काय मिळेल, काय सुटेल, आणि बुधवारच्या बायकांचे काय. गेलो शेवटी, पण तिच्या अटींवर. पहिली अट, तिचा अभ्यासक्रम पूर्ण होईपर्यंत पुढची बदली नाही. दुसरी, घर अशा ठिकाणी की तिला गाडीशिवाय चार माणसांपर्यंत पोचता येईल. तिला हे बारा-पंधरा वर्षांपूर्वी कोणी विचारले असते तर काय झाले असते, याचे उत्तर माझ्याकडे नाही.

मंडळाच्या वाचकांना या सगळ्याचा उपयोग काय? माझ्या मते थेट आहे. आपल्यातल्या कोणाची नोकरी जाते, कोणाच्या घरी आजार येतो, कोणाला आईवडिलांच्या अंत्यदर्शनाला पोचता येत नाही. अशा वेळी आपण भेटायला जातो आणि, कार्यशाळा न करताही, पिवळा चेंडू हातात ठेवून येतो: "धीर सोडू नका, सगळे ठीक होईल, पूर्वीसारखे होईल." पूर्वीसारखे होणार नसते, आणि हे त्या माणसाला आपल्याआधी कळलेले असते. त्याऐवजी आठवड्याचे दोन डबे ठरवून घ्यावेत. मुलांना शाळेतून आणायची पाळी लावावी. अर्ज कुठे अडला आहे ते विचारून एक फोन करावा. महिन्याने, सगळे जण विसरल्यावर, पुन्हा जावे. भिकूताईंनी याहून वेगळे काही केले नव्हते.

आणि 'टाकीचे घाव' ही म्हण घाव सोसणाऱ्याने स्वतःपुरती म्हटली तर ठीक. ज्याच्या हातात टाकी आहे त्याने, मग तो कंपनीचा साहेब असो की घरातला माझ्यासारखा नवरा, ती तोंडातून काढू नये.

शेवटी एक सूचना. मंडळाच्या ग्रंथपेटीत 'स्मृतिचित्रे' नसेल तर ते मागवावे. धड्यातला उतारा नको, पूर्ण पुस्तक हवे. ज्यांच्या मुलांना मराठी वाचता येत नाही त्यांच्यासाठी इंग्रजी भाषांतरही उपलब्ध आहे. जमल्यास नवराबायकोने मोठ्याने वाचावे, आणि आपण गोष्टीत कोण आहोत हे दुसऱ्याला ठरवू द्यावे.